रंगाऱ्याविरुद्ध एक कविता

२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ.

काच. वर्गाच्या खिडकीची ती सैल काच. अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणू लागला की चौकटीतल्या चौकटीत थरथरायची. झर्र, झर्र, झर्र. ओळ संपली की थांबायची, पुढची सुरू झाली की पुन्हा. माझ्या हयातीत माझ्या शिकवण्याला मिळालेली एकमेव दाद ती. आज पहाटे पुन्हा ऐकू आली. डोळे मिटून तसाच पडून राहिलो. मग ही म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ परत गळायला लागलाय, प्लंबरला फोन करा, आणि झोपेत टाळ्या कसल्या वाजवताय.

तिथपर्यंत दिवस ठीक होता. मग पेपर आला.

पान पाचवर रंगारी. म्हणजे आमच्या शाळेतला चित्रकला मास्तर. अर्धपान फोटो. दाढी रंगवलेली, हसू रंगवलेलं. रस्त्यावरून, पुलाखालून, स्टेशनातून निवाऱ्यात आणलेल्या मुलांना हा म्हणे कलेतून नवं आयुष्य देतो. पाडलेल्या इमारतींची जुनी दारं गोळा करतो आणि एकेका पोराला एकेक दार रंगवायला देतो. या दारामागे तुझं घर आहे असं समज, म्हणतो. बातमीत शुद्धलेखनाच्या चुका. त्या बहुतेक त्यानेच सांगितल्या असणार.

हाच तो माणूस. माझे कवितेचे तास ज्याने आयुष्यभर गिळले. आज बक्षीस समारंभ आहे, मास्तर, तुझा तास दे, कागदी फुलं करायचीत. उद्या साहेब येणार आहेत, तास दे, फलक रंगवायचेत. आणि निवृत्तीच्या दिवशी मला काय दिलं? माझंच चित्र. कान हे एवढे! हिने ते दिवाणखान्यात लावलंय. हुबेहूब आहे म्हणते.

आता बस. उट्टं काढणार.

३ फेब्रुवारी, शुक्रवार.

रात्रभर विचार करून योजना तयार. त्याच्याच अड्ड्यावर जायचं. त्याच पोरांना कविता शिकवायची. त्यांची आयुष्यं कवितेने उभी राहिली की दारंबिरं भंगारात. पान पाचवर मी. शक्यतो डावीकडून फोटो, त्या बाजूचा कान जरा आवरलेला आहे.

निवाऱ्याच्या ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, या की, रविवारी रंगकाकांचा वर्ग असतो, त्याआधी अर्धा तास तुम्ही घ्या. रंगकाका! मी म्हटलं, आनंदाने. दातओठ खात म्हटलं, पण फोनवर ते दिसत नाही.

हिला सांगितलं, समाजसेवा करणार आहे. ही म्हणाली, मग कान का लाल झालेत?

प्लंबर उद्या येतो म्हणाला.

५ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

निवारा म्हणजे एका जुन्या छापखान्याची इमारत. लांबलचक खोली, भिंतीशी लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली कुलूप लावलेली एक पेटी. टर्पेंटाइनचा वास. आणि सगळीकडे भिंतींना टेकून दारं. मोडकी, कुबट, बिजागऱ्या लोंबणारी. एका पोराने आपल्या दारावर कुलपंच कुलपं काढली आहेत. दुसऱ्याने दार उघडंच दाखवलंय आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. चपला सगळ्या मापांच्या. याला कला म्हणतात!

रंगाऱ्याने मला पाहताच मिठी मारली. शर्टाला निळा रंग लागला. मुद्दाम. मग पोरांना सांगू लागला, हा माझा दोस्त, हा अख्खी शाळा गात ठेवायचा. गोड बोलून काटा काढायची त्याची जुनी सवय.

मी माझी स्वतःची कविता काढली. खास या पोरांसाठी रचलेली. चाल जुनीच, वर्गातली.

हिरव्या टेकडीच्या पायथ्याशी
घर माझे हसते कसे!
आई उभी दारापाशी,
अंगणी उमटले ठसे.

एक मुलगी आहे, सगळे तिला कात्री म्हणतात. कात्रीने विचारलं, आई दारापाशी का उभी आहे? मी म्हटलं, वाट बघते. ती म्हणाली, आत का नाही बसत? तिलाही काढली का बाहेर? पोरं खो खो हसली. ठसे कोणाचे, पोलिसांचे का, असं मागून कोणीतरी विचारलं. पुन्हा हशा. मी ते शिस्तीचा अभाव म्हणून सोडून दिलं.

ही पोरं शाळेत गेलेलीच नाहीत. म्हणून पद्धत पहिल्यापासून समजावली. मी म्हणेन, मागून तुम्ही म्हणायचं. मी म्हणेन तस्संच. स्वतःची अक्कल चालवायची नाही. कात्री म्हणाली, सगळं? मी म्हटलं, सगळं. अक्षर न अक्षर. चुकेल त्याला बाहेर उभा करीन. बाहेर या शब्दावर खोली एकदम गप्प झाली. माझा दरारा अजून शाबूत आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार.

स्मरणशक्ती म्हणजे काय! शाळेत ज्याला महिना लागायचा ते यांना एकदा ऐकून येतं. कात्री म्हणाली, लिहिता येत नसलं की लक्षात ठेवावंच लागतं, आजोबा. मी सांगितलं, आजोबा नाही, गुरुजी. ती म्हणाली, बरं, आजोबा.

मध्येच प्लंबरचा फोन. घर सापडत नाही म्हणे. वर्ग थांबवून त्याला सगळा पत्ता नीट सांगितला, सावकाश, दोनदा. पोरं तेवढा वेळ चिडीचूप. डोळे माझ्यावर, ओठ नुसते हलतायत. केवढी एकाग्रता! रंगाऱ्याच्या वर्गात नुसता गोंगाट असतो.

शेवटी ताईंनी महत्त्वाची बातमी दिली. खोलीत आता शिवणयंत्रं येणार, जागा कमी पडणार, त्यामुळे रविवारचा एकच वर्ग राहील. कोणता, ते विश्वस्त १९ मार्चच्या कार्यक्रमानंतर ठरवतील. दारांचं प्रदर्शन आणि कवितागायन, दोन्ही त्याच दिवशी.

समोरासमोर! बसमध्ये हसू आवरेना. शेजारच्या बाईने पर्स मांडीवर घट्ट धरली.

प्लंबर आला नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार.

तालीम जोरात. मी ओळ म्हणतो, हाताने टेबलावर ठेका देतो, मनात रंगाऱ्याला एकेक पायरी खाली ढकलतो. कधीकधी मनातलं जरा मोठ्याने होतं. वयोमानाने होतं तसं. पोरांना काय कळतंय.

रंगाऱ्याची एक कमजोरी सापडली. कात्रीचं दार कोरं आहे. सगळ्यांची रंगून झाली, हिचं नुसतं घासून ठेवलेलं लाकूड. ती त्याला पाठ लावून बसते. रंगारी तिला एका शब्दाने बोलत नाही, नुसता पलीकडे बसून ब्रश धुतो. म्हणजे हरला. हा मुद्दा विश्वस्तांपुढे मांडणार.

पुरावा पक्का करावा म्हणून तिलाच विचारलं, का गं, का नाही रंगवत? ती म्हणाली, काका म्हणतात मनातलं घर काढ. मनातल्या घराला पत्ता असतो का? कोणी विचारलं कुठं राहतेस तर काय सांगू, मनात? दाराला पत्ता पाहिजे.

फार तिखट जिभेची आहे. मुद्दा टिपून घ्यायला वही काढली, तशीच खिशात ठेवली. पेनातली शाई संपली असावी.

२६ फेब्रुवारी, रविवार.

युद्धात सगळं माफ असतं. आज वर्ग संपल्यावर रंगाऱ्याच्या ब्रशांचा डबा कोटाखाली घालून घरी आणला. आता रंगवा म्हणावं!

२७ फेब्रुवारी, सोमवार.

ताईंचा फोन. फार आनंदात. म्हणाल्या, काल ब्रश हरवले म्हणून रंगकाकांनी मुलांना हातांनीच रंगवायला सांगितलं. एरवी कोपऱ्यातून न हलणारी लहानगी पोरंसुद्धा कोपरापर्यंत रंगली. जेवायलाही उठेनात. काका म्हणाले, इतका चांगला वर्ग आजवर झाला नव्हता.

फोन ठेवून आत गेलो तर ही एका ब्रशाने खिडकीच्या फटीतली धूळ काढतेय. म्हणाली, किती छान ब्रश आणलेत, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या उपयोगाची वस्तू आणलीत. तो एक तिच्याकडे राहील. बाकीचे गुपचूप परत ठेवावे लागणार.

नळ आता थेंबाथेंबाने नाही, सुतासारखा गळतो.

५ मार्च, रविवार.

घसा बसला. आवाज म्हणून नाही. हिच्या मते घरात शांतता आहे. तालमीची जबाबदारी कात्रीवर सोपवली. तिला खुणेने सांगितलं, मी शिकवलं तस्संच. तिने मान हलवली. मी पायऱ्यांवर उन्हात बसलो.

आणि मग ऐकलं.

बंद दारामागून शब्द लागत नव्हते, पण सूर! एक सूर, एक ठेका. आणि छापखान्याच्या जुन्या खिडकीची काच. झर्र, झर्र, झर्र. तीच. अगदी तीच. डोळ्यांत पाणी आलं. ऊन फार होतं.

कविता मात्र बरीच लांबल्यासारखी वाटली. दोनदोनदा म्हणत असावीत. उत्साह! मध्ये सगळी एकदम खोकल्यासारखीही वाटली. साथ आहे.

रंगारी शेजारी येऊन बसला. थर्मासमधला चहा पुढे केला. म्हणाला, मास्तर, तुझी कविता झकास बसलीय रे, तू एकदा आत येऊन ऐकच. डोळ्यांत चमक होती. मत्सर. मी मान फिरवली. चहा घेतला, घशासाठी.

१२ मार्च, रविवार.

घसा अजून तसाच. तालीम कात्रीच घेते. मी वेळ वाया घालवला नाही, विजयाचं भाषण लिहिलं. त्यात रंगाऱ्याला मोठ्या मनाने क्षमा केली आहे. जाहीर क्षमा ही सर्वात वाईट शिक्षा, माणसाला घरी जाऊन लागते. कानांच्या चित्राचा उल्लेख एका उपवाक्यात आहे.

हीसुद्धा येणार कार्यक्रमाला. मी म्हटलं, ये, तुझ्या नवऱ्याचा दिवस आहे. ती म्हणाली, दारं बघायची आहेत.

१९ मार्च, रविवार.

काही लिहायचं नाही.

२० मार्च, सोमवार.

लिहायलाच हवं. नाहीतर ते डोक्यात गोल गोल फिरत राहील. तेही चालीत.

सभागृह भरलेलं. पुढे विश्वस्त, पेपरवाला, ही. बाजूला दारांची रांग. लोक दारांपुढून हलत नव्हते. एक जाडजूड विश्वस्त त्या चपलांच्या ढिगापुढे उभा राहून चष्मा पुसत होता. मी मनात म्हटलं, थांबा, आता बघा.

पोरं रांगेत उभी राहिली. कात्रीने हात वर केला. सुरुवात काय झाली! हिरव्या टेकडीच्या पायथ्याशी, घर माझे हसते कसे. खणखणीत. मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. खोटं नाही, पाहत होती.

आणि त्याच चालीत, त्याच ठेक्यात, सगळी एका सुरात:

ए मागचा, नाक शिंकर आधी!
आई उभी दारापाशी,
आई गं, गुडघा गेला माझा,
अंगणी उमटले ठसे.

मला वाटलं कोणीतरी चुकलं. कोणी चुकलं नव्हतं. इथे सगळ्यांनी मिळून खोकायचं होतं. खोकली. मग पुढे:

थांब रे रंगाऱ्या, दाढीवाल्या,
तोंडावर नाही पाडला तर बघ!
माझे तास खाल्लेस, माझे कान काढलेस,
हॅलो, प्लंबर का? नळ गळतोय, ऐका.
टाकीमागची गल्ली, पिवळी इमारत,
दुसरा मजला, उजवं दार.
बेल वाजत नाही, कडी वाजवा,
घरी बायको असेल, तिचं ऐकू नका.

पत्ता मी दोनदा सांगितला होता. त्यांनी दोनदा म्हटला.

शब्द एकही चुकीचा नाही. अक्षर न अक्षर. त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं की कविता कुठे संपते आणि मास्तर कुठे सुरू होतो. मीही नाही.

लोक खुर्च्यांवरून घसरत होते. ताईंनी पदर तोंडात कोंबला. ही आधी सगळ्यांत मोठ्याने हसत होती, शेवटच्या ओळीला गप्प झाली. आणि रंगारी उभा राहून टाळ्या पिटत ओरडला, वन्स मोर. पोरांनी पुन्हा म्हटली. खोकला त्याच जागी.

भाषण खिशातच राहिलं. कात्री धावत आली, म्हणाली, आजोबा, एक अक्षर चुकलं नाही ना? तोंड एवढंसं करून विचारत होती. बाहेर उभं करीन म्हटलं होतं ना मी. मी म्हटलं, नाही. आवाज परत आला होता. यायची वेळही कशी बघा.

हिने घरी येईपर्यंत एकही शब्द काढला नाही. तिचं ऐकू नका म्हटलं होतं, त्याची सोयच करून ठेवली.

२२ मार्च, बुधवार.

पान पाचवर फोटो. रंगारी मध्यभागी, भोवती दारं, पोरं. खाली लिहिलंय, रंगकाकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी सादर केलेली धमाल विनोदी कविता. माझं नाव नाही. मी फोटोच्या कडेला आहे. म्हणजे एक कान आहे. उजवा.

हिने विचारलं, कापून ठेवू का? हा तिचा रविवारनंतरचा पहिला शब्द.

२३ मार्च, गुरुवार.

ताईंचा फोन. विश्वस्तांचा निर्णय झाला. कवितेचा वर्ग राहणार.

जिंकलो! उडी मारावीशी वाटली, गुडघ्यामुळे नुसता उभा राहिलो. मी म्हटलं, आणि रंगारी? तोंडावर पडला ना? ताई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, अहो, रंगकाकांनी कार्यक्रमाच्या कितीतरी आधीच विश्वस्तांना सांगून ठेवलं होतं, खोली कवितेला द्या, मी दारं अंगणात नेतो, उन्हात रंगही लवकर वाळतो. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. म्हणाले, मास्तरला जिंकल्यासारखं वाटू दे, त्याचे बरेच तास मी खाल्लेत.



या माणसाने मला हरवलंसुद्धा नाही. आयुष्यभर जपलेलं वैर, आणि त्याने त्यात भागच घेतलेला नाही. एकट्याने कुस्ती खेळत होतो मी. आणि पाठ माझीच टेकली.

ही त्याची आजवरची सर्वात नीच खेळी आहे.

२५ मार्च, शनिवार.

ठराव. निवाऱ्यात पाऊल टाकायचं नाही. भिकेत मिळालेला तास नको. उद्या वर्गाला गेलोच नाही म्हणजे खोली रिकामी राहील, पोरं खोळंबतील, आणि त्याच्या मोठेपणाची चव जाईल. सूड असा घ्यावा. बसल्या जागी.

कात्री ठेका कोण देईल म्हणून वाट बघेल. बघू दे.

नळ आता झऱ्यासारखा. ही बादल्या बदलते आणि माझ्याकडे बघते. प्लंबरला पुन्हा फोन केला. रविवारी नक्की, म्हणाला.

२६ मार्च, रविवार.

गेलो नाही. वर्गाच्या वेळेला खुर्चीत बसून राहिलो. बोटं खुर्चीच्या हातावर ठेका देत होती, ती दाबून धरली. ही म्हणाली, इतकं वाटतंय तर जा की. मी म्हटलं, कोणाला वाटतंय? समोर ते कानांचं चित्र. बघून घेतलं एकदा. कान खरंच मोठे आहेत.

मग कडी वाजली. ही आतून ओरडली, प्लंबर आला वाटतं, उघडा लवकर.

उघडलं. समोर दार.

आपलं दार उघडावं तर पुढ्यात आणखी एक दार उभं. पिवळाधमक रंग. वर दुसऱ्या मजल्याचा आकडा. बाजूला बेल काढलेली, तिच्या दोन तारा लोंबणाऱ्या. खाली कडी, आणि कडीभोवती लाकूड जरा उजळ दाखवलेलं, रोज हात लागून होतं तसं. आमचं नाही. आमच्यापेक्षा चांगलं. पण आमचंच.

त्याच्या मागून कात्रीचा आवाज, पत्ता बरोबर आहे ना, आजोबा? कवितेतल्यासारखेच आलो. टाकी, गल्ली, पिवळी इमारत. बेल दाबली नाही मी. मला एकच पत्ता पाठ आहे, मग तोच काढला. चालेल ना?

 जिन्यावर खाली बरेच पाय वाजत होते. अख्खी रांग.

ही पदराला हात पुसत आली, बघत राहिली आणि म्हणाली, अहो, पोरीला आत तरी घ्या. चालेल म्हणा ना.

मी म्हटलं, चालेल. आवाज पुन्हा बसला असावा.

मग त्या दारामागून धापा ऐकू आल्या. त्या धापा मी कुठेही ओळखीन. दार थोडं कलतं झालं आणि कडेने रंगवलेली दाढी बाहेर आली. एका हाताने दार सावरलेलं, दुसऱ्या हातात हा एवढा पाना. म्हणाला, मास्तर, तू आला नाहीस, मग आम्हीच आलो. वहिनी, नमस्कार. तो नळ कुठला ते दाखव रे आधी, अख्ख्या शहराला पाठ झालाय तो.

ही म्हणाली, या भाऊजी, या.

मी बाजूला झालो. विसरलेलो नाही मी काही. कागदी फुलं, फलक, कान, सगळं लक्षात आहे. पण आधी नळ होऊ दे.